क्रोशाचा छोटा ससा करतेय, डोकं काही केल्या गोल होत नाहीये

उसवाउसवी:
नमस्कार मंडळी. बहिणीच्या लेकीसाठी क्रोशाचा ससा करायला घेतलाय, छोटासाच, तळहातावर बसेल एवढा. क्रोशा मला अगदीच नवीन नाही, रुमालाच्या कडा, दोन पर्स, एक शाल एवढं करून झालंय, म्हणून वाटलं की एवढासा ससा म्हणजे दोन संध्याकाळचं काम. आज सहावी संध्याकाळ आहे आणि हातात काय, तर तीन वेळा उसवलेलं एक डोकं.

पॅटर्नमध्ये पाचव्या फेरीला ३० टाके यायला हवेत, माझे कधी ३१ येतात, कधी ३३, एकदा तर २८ आले. दुसरं म्हणजे वर्तुळाला कोपरे येतायत, चक्क सहा, बोल्टवर बसवायच्या नटासारखं दिसतंय ते. आत कापूस भरला की टाक्यांच्या मधून पांढरं डोकावतं. आणि डोक्यावर एक तिरकी शिवण आलीये, ती पॅटर्नच्या फोटोत कुठेच नाहीये. लोकर अ‍ॅक्रिलिक आहे, लेबलवर ४ मिमीची सुई लिहिलीये म्हणून तीच घेतली.
फोटो टाकत नाही, लाज वाटतेय.

दोन_टाके_पुढे:
टाक गं फोटो, इथे कोणाचा पहिला ससा ससा दिसत होता? मी पहिल्यांदा अस्वल करायला बसले होते, शेवटी पाणघोडा आहे म्हणून सांगून मोकळी झाले.
तिरकी शिवण आलीये म्हणजे तू प्रत्येक फेरी संपली की स्लिप स्टिचने जोडतेयस का? रुमालात जोडतो तशी?

उसवाउसवी:
हो मग. जोडायची नसते??

दोन_टाके_पुढे:
तिथेच गोची आहे. याला अमिगुरुमी म्हणतात, शब्द जपानी आहे, अमी म्हणजे विणणं आणि नुइगुरुमी म्हणजे कापूस भरलेलं खेळणं. हे जवळजवळ सगळं सलग गोल गोल विणतात, गोगलगाईच्या शंखासारखं. फेरी जोडायची नाही, वर चढायला साखळी घालायची नाही, शेवटचा टाका झाला की थेट पुढच्या फेरीच्या पहिल्या टाक्यात घुसायचं. तू स्लिप स्टिच घालतेस आणि मग पुढच्या फेरीत ती टाका म्हणून मोजली जाते, कधी मोजतेस कधी सोडतेस, म्हणून ३१ नि २८. शिवणही तिचीच.
आता सलग विणायचं म्हणजे फेरी कुठे सुरू झाली ते दिसत नाही, म्हणून पहिल्या टाक्यात मार्कर अडकवायचा. मार्कर नसेल तर सेफ्टी पिन, नाहीतर वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा. आणि फेरी संपली की मोज, "साधारण बरोबरच असतील" असं म्हणालीस की संपलं, मी म्हटलंय आणि दहा फेऱ्या उसवल्यात.

आजीचीसुई:
+१. आणि लेबलवरची सुई विसर. ती स्वेटर-शालीसाठी असते, कापड लोळतं राहावं म्हणून. खेळण्याला कापड घट्ट हवं. लेबलवर ४ असेल तर मी २.५ घेते, फार तर ३. पहिले दोन दिवस बोटं कुरकुरतील. पण कापूस डोकावणं तिथल्या तिथे बंद.
घट्ट म्हणजे सुई बारीक, हात घट्ट नाही हं. दोरा आवळून ओढलास तर पुढच्या फेरीत सुई टाक्यात शिरणारच नाही आणि मनगट कामातून जाईल.

वाचनमात्र:
एक बावळट प्रश्न, सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांबच ना?

आजीचीसुई:
हो, तोच बुटका टाका, खेळणी त्यानेच विणतात. पण इंग्रजी पॅटर्न वाचताना जपून, अमेरिकन लोक ज्याला सिंगल म्हणतात त्याला ब्रिटिश डबल म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे, पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे हा शब्द दिसला की पॅटर्न अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. अख्ख्या खेळण्यात नुसतं डबल डबलच दिसलं तर बहुतेक ब्रिटिश समजायचं आणि मुके खांब घालायचे. हे माहीत नसताना मी एक हत्ती पूर्ण उंच खांबांनी विणला होता. भोकाभोकांचा हत्ती.

लोकरमांजर:
भोकाभोकांचा हत्ती 😂😂

डावखुरी:
जपानी पॅटर्न असेल तर शब्दांची भानगडच नाही, चित्रात सगळं असतं. गुणिलेची खूण म्हणजे सिंगल क्रोशे, व्हीसारखी खूण म्हणजे एका टाक्यात दोन, उलटा व्ही म्हणजे दोनाचा एक. मला जपानीचं एक अक्षर येत नाही, तरी चार प्राणी केलेत त्यावरून.

भूमितीवाला:
बायकोच्या लॉगिनने वाचायचो, हल्ली स्वतःचं घेतलंय. (हो, मीपण विणतो.)
सहा कोपऱ्यांचं कारण सांगतो, कारण एकदा कळलं की पॅटर्न नसतानाही काम होतं. सुरुवात ६ टाक्यांनी होते आणि दर फेरीत ६ वाढतात: ६, १२, १८, २४, ३०, ३६. सहाच का? वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पाय म्हणजे ६.२८ ने वाढतो. मुका खांब जवळपास चौकोनी असतो, जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच, त्यामुळे एक फेरी म्हणजे त्रिज्येत एक टाक्याची वाढ आणि परिघात सहाची. म्हणून चकती सपाट राहते. सहापेक्षा कमी वाढवलेत तर वाटी होते, जास्त वाढवलेत तर कडेला झालर येते. झालर वाढवतच नेली तर ते वेगळंच प्रकरण होतं, डायना ताइमिना नावाच्या गणिताच्या प्राध्यापिकेने १९९७ मध्ये असंच क्रोशाने विणून हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा वळणारा पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात दिला होता. पण सशाला ते नको.
आता कोपरे. दर फेरीत वाढ (म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके) आधीच्या वाढीच्या डोक्यावरच येते, मग त्या सहा जागा टोकदार होतात. उपाय म्हणजे एक फेरी सोडून एक वाढ सरकवायची. चौथ्या फेरीत (२ टाके, १ वाढ) असं सहा वेळा लिहिलेलं असतं, त्याऐवजी १ टाका, १ वाढ, मग (२ टाके, १ वाढ) पाच वेळा आणि शेवटी १ टाका. बेरीज २४ च येते, मोजून बघा, पण कोपरे एकावर एक बसत नाहीत.

उसवाउसवी:
बापरे, शाळेत हे असं कोणी सांगितलं असतं तर. थांबा, रात्री करून बघते.

भूमितीवाला:
अजून एक, डोकं पूर्ण चेंडू हवं असेल तर ३६ पर्यंत ६ फेऱ्या वाढवा, मग न वाढवता ६ फेऱ्या, मग तशाच कमी करत या. ३६ टाक्यांच्या चेंडूचा अर्धा परीघ १८ टाके, आणि वरपासून खालपर्यंत फेऱ्या झाल्या साधारण १८. मधल्या सपाट फेऱ्या जास्त केल्यात तर डोकं लांबुळकं होतं, कमी केल्यात तर चपटं. सशाला किंचित चपटं बरं दिसतं असं माझं मत, बायकोचं वेगळं आहे.

चष्मेवाली:
सगळ्यांनी सगळं सांगितलं पण कोणी हे विचारलं नाही की डोकं उलटं तर नाहीये ना? मी वर्षभर उलटी खेळणी केली आणि मला पत्ता नव्हता. बाहेरच्या बाजूला टाके व्ही व्ही व्ही असे दिसले पाहिजेत. आडव्या छोट्या दांड्या दिसल्या तर ती आतली बाजू आहे. विणताना सुई बाहेरून आत शिरली पाहिजे, म्हणजे खेळण्याची जी बाजू जगाला दिसणार तिकडून आत पोकळीकडे. चकती चार-पाच फेऱ्यांची झाली की आपोआप वळायला लागते आणि बरेचदा चुकीच्या बाजूला वळते, तेव्हाच पालटून घ्यायची.

उसवाउसवी:
😐
उलटं आहे.

दोन_टाके_पुढे:
हाहाहा. स्वागत आहे.

लोकरमांजर:
व्ही वरून आठवलं, दोरा सुईवर कसा घेता तुम्ही? नेहमीसारखा सुईभोवती वरून फिरवून ओढला तर व्ही दिसतो, आणि सुईने दोरा नुसता वरून खाली पकडून ओढला तर टाका एक्ससारखा दिसतो, जास्त घट्ट आणि नीटस. मी पहिल्या ओढीला एक्सवाली पद्धत वापरते. त्यात अजून एक फायदा, सलग विणताना व्हीवाले टाके दर फेरीला थोडे थोडे उजवीकडे सरकतात, पाय नि चेहरा सरळ रेषेत मोजून लावले तरी शेवटी प्राणी मान वळवून बघतोय असं वाटतं. एक्समध्ये ते कमी होतं. फक्त एका खेळण्यात दोन्ही पद्धती मिसळू नका, एक हात जाड नि एक बारीक येतो, मी केलंय.

डावखुरी:
आणि डावखुऱ्यांचे टाके डावीकडे सरकतात. त्यामुळे पॅटर्नमध्ये "१४व्या टाक्यापासून तोंड सुरू करा" असं लिहिलेलं असतं ते आमच्या काही कामाचं नाही. मी चेहरा नेहमी नजरेनेच लावते, टाचण्या टोचून.

उसवाउसवी:
अपडेट: २.५ ची सुई, मार्कर, जोडणी बंद, वाढ सरकवून. ६, १२, १८, २४, ३०, ३६, सगळे बरोबर आले!!! शेवटची फेरी दोनदा मोजली कारण विश्वासच बसेना. डोकं गोल आहे. खरंच गोल.
आता कमी करायला घेतलं तर दर वेळी एक छोटं भोक आणि शेजारी गाठ दिसतेय, ती कशी घालवायची?

आजीचीसुई:
टाक्याच्या डोक्यावर जो व्ही असतो त्याला दोन दोऱ्या असतात, पुढची आणि मागची. कमी करताना दोन शेजारच्या टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्या सुईवर घे, दोरा घेऊन दोन्हींमधून काढ, मग परत दोरा घेऊन उरलेले दोन काढ. शोधून सापडणार नाही कुठे कमी केलंय ते. पूर्ण टाक्यातून सुई घालून कमी केलं तर गाठ येणारच.
कापूस भरायला मात्र थांबू नकोस शेवटपर्यंत. तोंड १८ टाक्यांवर आलं की बहुतेक सगळा भर, मग बंद करता करता चिमूट चिमूट. एकदम मोठा गोळा कोंबलास तर आत गुठळ्या राहतात आणि वरून डोकं खडबडीत दिसतं. फायबर, म्हणजे खेळण्यात भरायचा पॉलिएस्टरचा कापूस, हाताने नीट पिंजून घे, आधी कडेने लाव, मग मधे. जितका वाटतो त्यापेक्षा जास्त लागतो. पण टाके ताणून भेगा पडायला लागल्या की थांब. साधा कापूस नको, धुतल्यावर गोळे होतात आणि वाळत पण नाही लवकर.

चष्मेवाली:
डोळे कुठले लावणारेस? ते वॉशरवाले प्लॅस्टिकचे असतील तर डोकं बंद करायच्या आधी लाव, एकदा वॉशर बसला की निघत नाही. आधी नुसते खोचून चार हात लांबून बघ. मी डोळे नेहमी डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली लावते आणि जरा लांब लांब, मधे ७-८ टाके सोडून. वर आणि जवळ लावले की ससा रागीट दिसतो, किंवा सरकारी कचेरीतला वाटतो.

भूमितीवाला:
याला कारण आहे. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्ये लिहिलं होतं की मोठं डोकं, मोठं कपाळ, खाली असलेले मोठे डोळे हे बघितलं की माणसाला माया येते, कारण बाळं तशी असतात. सशाचं कपाळ जेवढं मोठं तेवढा तो लाडका.

उसवाउसवी:
प्लॅस्टिकचेच आणलेत, ८ मिमीचे. भाची दहा महिन्यांची आहे.

आजीचीसुई:
मग अजिबात नको!! बरं झालं बोललीस. तीन वर्षांखालच्या मुलांना डोळे दोऱ्याने भरून कर, काळ्या दोऱ्याने चार-पाच आडवे टाके, बास.

लोकरमांजर:
पण त्यांना सेफ्टी आय म्हणतात की. मी ओढून बघितलेत, नाही निघत. नावातच सेफ्टी आहे.

आजीचीसुई:
वॉशर निघत नाही गं, मान्य. पण क्रोशाचं कापड ताणतं. मूल चघळतं, ओलं होतं, टाका सैल होतो, आणि डोळा वॉशरसकट टाक्यामधून बाहेर येतो. दुकानी खेळणी तपासायला ३१.७ मिमी व्यासाचं एक नळकांडं असतं, सुटा भाग त्यात मावला की तीन वर्षांखालच्यांसाठी तो नापास. ८ मिमीचा डोळा त्यात कुठल्या कुठे हरवेल. बटणं, मणी, घुंगरू, सगळ्याला हेच लागू. नाव सेफ्टी असलं म्हणून काय झालं.

लोकरमांजर:
वॉशरसकट येतो हा विचार केला नव्हता. गप्प बसते.
(आणि पुतण्याला दिलेला घुबड परत मागवून घेते.)

दोन_टाके_पुढे:
डेन्मार्कमध्ये २०१३ पासून लोक अकाली जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करून देतात, त्यांचे नियम वाच एकदा. शंभर टक्के कॉटन, ६० अंशांच्या पाण्यात धुता आलं पाहिजे, आणि ऑक्टोपसचे पाय ओढून धरले तरी २२ सेंटीमीटरच्या वर जाता कामा नयेत, बाळाभोवती गुंडाळू नयेत म्हणून. तुझ्या सशाचे कान फार लांब करू नकोस एवढंच.

उसवाउसवी:
डोळे उसवले, म्हणजे काढले. वॉशर लावला नव्हता नशिबाने. मग लोकर पण बदलू का? कॉटन घेऊ?

चष्मेवाली:
एवढं गोल डोकं झालंय ते राहू दे! अ‍ॅक्रिलिक चालतं. वापरून वापरून त्यावर बोंदे येतात, ते कात्रीने कापायचे. कॉटनचे टाके स्वच्छ दिसतात, बोंदे येत नाहीत, बाळाने चघळायला पण बरं, पण दोरा सुईवर फाटतो आणि अजिबात ताणत नाही त्यामुळे हात जास्त दुखतो. पहिल्या खेळण्याला मखमली लोकर तेवढी नको, ती मऊशार असते पण टाके दिसतच नाहीत, बोटाने चाचपडत मोजायला लागतात. आणि तंतू सुटतात, त्या वयाच्या बाळाला तर नकोच.

दोन_टाके_पुढे:
मी उलट म्हणेन, बाळ तोंडात घालणार हे नक्की असेल तर कॉटनच. पण डोकं मला पण उसवायला लावायचं जिवावर येतंय.

वाचनमात्र:
पॅटर्न कुठून घेता सगळे? मी एक विकत घेतला, फोटोत अप्रतिम कोल्हा होता, आणि हातात आला तो पॅटर्न म्हणजे सहाव्या फेरीनंतर टाक्यांची बेरीजच जुळत नाही, शेपटीचा उल्लेखच नाही.

डावखुरी:
फोटो एआयने केलेला असणार. हल्ली फार झालंय हे. फोटो मोठा करून बघायचा, खऱ्या क्रोशात टाके रांगेत गोल फिरताना दिसतात आणि मोजता येतात. खोट्यात टाके मधेच विरघळतात, कान डोक्याला कुठे जोडलाय ते कळत नाही, केस एकेक सुटे असतात. आणि दुसऱ्या कोणी करून टाकलेले फोटो आहेत का ते बघायचं, वेडेवाकडे असले तरी चालतील, उलट वेडेवाकडेच हवेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात टाक्यांची बेरीज नसलेला पॅटर्न मी घेतच नाही.

उसवाउसवी:
धड झालं, हात झाले, पाय झाले, कान झाले. आता सगळे अवयव टेबलावर पडलेत आणि मला त्यांच्याकडे बघायची भीती वाटतेय. शिवण माझी भयंकर आहे.

दोन_टाके_पुढे:
इथे सगळे अडकतात गं, माझ्या कपाटात तीन प्राणी दोन वर्षं बिनहाताचे बसलेत.
सुटा दोरा कापलास की लांब ठेवलास? लांब ठेवला असशील तर त्यानेच शिव, नवीन दोरा जोडू नकोस. आधी सगळं टाचण्यांनी लाव, समोरून बघ, बाजूने बघ, वरून बघ, मग झोपायला जा आणि सकाळी परत बघ. रात्री सरळ वाटलेले कान सकाळी कधीच सरळ नसतात. कान शिवताना तळाला चिमटून थोडी घडी घाल, उभे राहतात. हातात कापूस फक्त पंजात भर, वरचा भाग रिकामा चपटा ठेव म्हणजे हात अंगाला लागून खाली पडतो, नाहीतर ससा कोणीतरी बंदूक रोखल्यासारखा हात वर करून बसतो.
मान किती टाक्यांवर ठेवलीयेस?

उसवाउसवी:
पॅटर्नप्रमाणे १२.

दोन_टाके_पुढे:
डोकं डुगडुगेल. मी १८ वर थांबते. आता झालंच आहे तर मानेत फायबर अगदी कडक ठासून भर, आणि डोकं शिवताना दोनदा फेरा मार, दुसरा फेरा एक ओळ बाहेरून. आणि टाचण्या मोजून लाव, मोजून काढ!! बाळाचं खेळणं आहे.

आजीचीसुई:
आणि जिथून सुरुवात केली ती मॅजिक रिंग, म्हणजे ओढून बंद होणारा दोऱ्याचा वेढा, तिचं शेपूट, दोऱ्याचं सुटं टोक, नुसतं कापून टाकलं नाहीस ना? ते आतून गोल एक-दोनदा ओवून मगच कापायचं. नाहीतर चार धुण्यांत टाळूला भोक पडतं.

उसवाउसवी:
ओवलंय. ठासून भरलं, दोनदा शिवलं. टाचण्या नऊ लावल्या, नऊ काढल्या. डावा कान सकाळी खरंच वाकडा होता, काढून परत लावला. फोटो टाकलाय वर, आता लाज नाही वाटत.

लोकरमांजर:
अगंऽऽ किती गोड!! कपाळ बघा त्याचं.

भूमितीवाला:
लोरेन्झ खूश झाला असता. डोकं किंचित चपटं आहे, बायकोला दाखवतो.

डावखुरी:
बाजूने बघितलं तर जरा उजवीकडे बघतोय 😄 पण छान दिसतंय ते, काढू नकोस.

उसवाउसवी:
एकच राहिलंय, शेपटी. लोकरीचा पॉमपॉम लावू की विणू?

आजीचीसुई:
विण. पॉमपॉमचे धागे निघून तोंडात जातात.

उसवाउसवी:
बरं. ६, १२, १२, ६. मोजलेत.